बरणीची खंडेनवमी

"मॅडम, लिंबू लावू का?" पवारसाहेबांनी फोनवर थेट हेच विचारलं.

"कशाला?"

"आमच्या त्या दगडी बरणीला. लाल झालीये."

"काहीही लावू नका. आले मी," मी म्हणाले आणि शिरूरहून स्कूटर हाणली. बरणी संगमरवराची, आणि लिंबू संगमरवराला खातं.

मी कॉन्झर्वेटर, म्हणजे जुन्या वस्तूंची डॉक्टर. माझे पेशंट तक्रार करत नाहीत, त्यांचे मालक करतात. पवारसाहेब रांजणगावच्या एका कंपनीत अ‍ॅडमिन मॅनेजर. कंपनीचे मालक युरोपातले. त्यांच्या आजोबांची एक बरणी रिसेप्शनला ठेवलेली असते. ग्रीसच्या सायक्लेडीज बेटांवर जवळपास पाच हजार वर्षांपूर्वी ती एका अख्ख्या दगडातून कोरली. लोखंड तेव्हा नव्हतंच, सगळं घासून घासून पोखरलेलं. बाजूला दोरी ओवायला भोकं पाडलेले चार कान. आणि मालक दुसऱ्या दिवशी येणार होते.

नुकतीच खंडेनवमी झाली होती. त्या दिवशी आपल्याकडे लेथपासून फोर्कलिफ्टपर्यंत सगळ्यांना हळदीकुंकू लागतं. हाऊसकीपिंगच्या सदूमामांनी प्रिंटरसुद्धा सोडला नव्हता, मग बरणीनंच काय पाप केलं होतं? चारही कानांना हळदीची बोटं लागली. ती पुसायला साहेबांनी बरणीला साबण चोळला. साबण लागला की हळद लाल होते, हे धुणं धुणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. साहेबांचा धुण्याशी कधी संबंध आला नसावा.

"मामांना मी काढूनच टाकणार," साहेब म्हणाले. "बाहेर लावलं ते लावलं, वर आत हात घालून कुंकू फासलंय. बघा!"

आत तळाशी खरंच लाल डाग होता.

"ताई, आईशप्पत," सदूमामा म्हणाले, "म्या भायेरून कानांस्नी हळद लावली. कुंकू न्हाई आन् आत हात बी न्हाई घातला. देवाचं काम करून खोटं बोलंन व्हय?"

"मग आत कुणी लावलं? भुतानं?"

"मला काय ठावं, साहेब?"

मला मामांचं वाईट वाटलं आणि साहेबांचा राग आला. पण रागानं डाग कळत नाही.

काडीला कापूस गुंडाळून स्पिरिटमध्ये बुडवला. हळद स्पिरिटमध्ये सुटते, हळदीपासून केलेलं कुंकूही. बाहेरच्या डागावर फिरवला, कापूस पिवळा झाला. आतल्या डागाच्या कडेला हलकेच टेकवला, कापूस पांढराच राहिला. मग भिंग लावलं. मातीत पुरलेल्या दगडावर क्षारांचा पापुद्रा चढतो. आतला लाल रंग त्या पापुद्र्याच्या खाली होता.

भिंग साहेबांच्या हातात दिलं. "हा रंग बरणी मातीत जायच्या आधीचा आहे. मामा तेवढे जुने नाहीत."

"म्हंजी तिथं बी पूजा व्हती?" मामांनी विचारलं.

"असेल. नुसता रंगही असेल. नक्की सांगता येत नाही."

आणि हाच रंग साहेब लिंबानं घासायला निघाले होते.

बाहेरची बरीचशी हळद स्पिरिटनं निघाली. उरलेली पिवळी झाक उन्हात उडते, म्हणून बरणी गच्चीवर ठेवली. आतल्या रंगाला ऊन लागू नये म्हणून तोंडावर काळं कापड बांधलं. सदूमामा शेजारी कावळे हाकत बसले.

मालक आले तेव्हा मी सगळं सांगितलं, साबणासकट. मालक ऐकत होते तोवर साहेब छताकडे बघत होते. मालकांच्या घरात तो आतला डाग आजवर मळ समजला जायचा. ते भिंग सोडायलाच तयार होईनात. सदूमामांची नोकरी राहिली. साहेबांनी त्यांना स्वतः चहा आणून दिला. माफी मागायची त्यांची तीच पद्धत.

डाग दिसला की आधी तो कुणाचा ते बघावं, मग कापूस भिजवावा. माणसांनाही हे लागू आहे.

यंदा खंडेनवमीला मुद्दाम गेले. बरणी आता काचेच्या पेटीत असते. मामांनी काचेला हळदीकुंकू लावलं, माझ्या अवजारांच्या पेटीलाही लावलं. मग गाडीच्या चाकाखाली ठेवायचं लिंबू हातात घेऊन गंभीरपणे विचारलं,

"साहेब, ह्ये बरणीपासनं किती लांब धरू?"