आमच्या गॅलेक्सीतले तरणे तारे

आमच्या लॅबमध्ये माणसं तीनच. बीडच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवणारे सर, परळीचा बालाजी आणि मी. डेटा डाउनलोड व्हायला तासन्‌तास लागायचे, तोवर गप्पा. रिसर्च थोडाच झाला, किस्से मात्र ढिगानं साठले!

काम असं, की लांबच्या एका गॅलेक्सीचा इन्फ्रारेड उजेड घ्यायचा, डोळ्याला न दिसणारा. त्याच्या स्पेक्ट्रममध्ये खाचा असतात. कुठली खाच किती खोल, यावरून तिथले तारे म्हातारे की तरणे, ते कळतं. सगळे म्हणायचे, या गॅलेक्सीत नुसते म्हातारे. सर म्हणायचे, "मधोमध तरणे हायत. धुळीमागं दडलेत."

*

नवे प्राचार्य लॅब बघायला आले. सरांनी ताऱ्यांचं वय कसं काढतात ते फळ्यावर आकृत्या काढून समजावलं. प्राचार्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "वय काढता ते ठीक. पण सोयरीक कुणाची जमवायचीय?"

सर्वांत जास्त हसले ते सरच.

*

एकदा परदेशातली मोठी दुर्बीण इंटरनेटवरून आम्हाला वापरायला मिळाली. तिथं रात्र, तेव्हा बीडमध्ये रणरणती दुपार. सर इस्त्रीचा शर्ट घालून आले. स्क्रीनवर गॅलेक्सी आली, आणि लाईट गेली! इन्व्हर्टरनं कधीच मान टाकली होती. लाईट आली तोवर आमची वेळ संपून दुर्बीण दुसऱ्यांकडं गेली होती.

मी बालाजीला म्हणालो, "तुमच्या परळीत लाईट बनते ना बे? मग इथं कावून टिकत न्हाई?"

सर हसले नाहीत. तशी संधी पुन्हा आलीच नाही.

*

मग दुसऱ्यांनी घेऊन ठेवलेल्या जुन्या डेटात एक खाच सापडली. हुबेहूब तरण्या ताऱ्यांची! सरांनी अख्ख्या स्टाफला पेढे वाटले. नंतर कळलं, ती खाच आपल्याच पृथ्वीच्या हवेतल्या वाफेची होती.

बालाजी म्हणाला, "सर, दुष्काळी जिल्ह्यात बसून पाणी तर शोधलं!"

उरलेल्या पेढ्यांना कुणी हात लावला नाही.

*

सर रिटायर झाले आणि वर्षाच्या आत हार्ट अटॅकनं गेले. आमचा रिसर्च पेपर आम्ही दोघांनी पुरा केला. निकाल स्वच्छ होता: सगळे तारे म्हातारे. सर असते तर त्यांना कसं सांगितलं असतं, तेच कळत नव्हतं.

छापील प्रत घेऊन आम्ही काकूंकडं, म्हणजे सरांच्या बायकोकडं गेलो. काकूंनी ती फोटोपुढं ठेवली. चहा दिला. मग विचारलं, "काय निघालं रे शेवटी? तरणे हायत का?"

बालाजी खाली बघायला लागला. मी म्हणालो, "हायत काकू. सर म्हणायचे तसंच निघालं."

काकूंनी फोटोपुढची प्रत सरळ केली.

"खोटं कावून बोलतूस बाळा? ह्यांनीच मला सांगितलं हुतं, समदे म्हातारेच हायत म्हणून. पण पोरायला सांगू नको म्हणले. लई मन लावून करायलेत."