दत्ताकाका थांबले तेव्हा

मंडळी, दुपार झाली तरी मी अजून सकाळच्या त्या धुक्यातच आहे.

आमच्या पनवेलच्या ग्रुपचं शेतकऱ्यांच्या बंडावरचं नाटक आता पडद्यावर येतंय. पटकथा माझी. आज कोन गावाजवळच्या माळावर शूटिंग होतं.

नाटकात बंडाचा म्होरक्या झालेले आमचे दत्ताकाका प्रेक्षकांनाच विचारतात, "कोण येतंय माझ्यासोबत?" आणि थांबतात. मग अख्खं थिएटर ओरडतं. सिनेमात उत्तर द्यायला कोण असणार? म्हणून ते थांबणं मी पटकथेतून काढून टाकलं होतं.

पण इतक्या वर्षांची सवय. काका थांबलेच. समोर नुसता कॅमेरा आणि धुकं. म्हटलं, गेला टेक.

तेवढ्यात बांधावरून आवाज आला, "आमी हाय ना!" मोबाईलवर शूटिंग टिपत उभ्या असलेल्या गावातल्या मावशी डोक्यावरची पाटी खाली ठेवून चक्क चालत फ्रेममध्ये आल्या. त्यांच्यामागून आणखी दोघी. कट म्हणायचं कुणाला सुचलंच नाही.

आता दिग्दर्शक म्हणतोय, बंड जुन्या काळातलं, मावशींच्या हातात मोबाईल दिसतोय, उद्या परत घेऊ.

बरोबर आहे त्याचं. पण तुम्हीच सांगा, हाकेला धावून आलेल्या माणसांना परत कसं पाठवायचं?