बाई, थांबा, मी करते

मला सगळ्यात जास्त चीड कशाची येत असेल, तर "बाई, थांबा, मी करते" या वाक्याची. इतकी वर्षं शिकवतेय. खडू मोडला की दुसरा घ्यायचा, डस्टर सापडलं नाही की पदराने पुसायचं, यापलीकडे माझ्या फळ्याने मला कधी नडवलं नाही. मग एका कंपनीने शाळेला स्मार्ट बोर्ड भेट दिला, आणि सहावीतल्या पोरी मला दिवसभर थांबवायला लागल्या. मी बोर्डावर बोट ठेवलं की पान गायब. ते परत आणायला गेले की भलतंच काहीतरी भिंतभर मोठं व्हायचं. मागून लगेच बाक सरकल्याचा आवाज यायचा. बाई, थांबा.

त्यातली मुख्य थांबवणारी एका गॅरेजवाल्याची मुलगी. निघोज्याच्या रस्त्याला तिच्या अब्बांचं दुचाकी दुरुस्तीचं दुकान आहे. शिफ्ट सुटली की कंपनीतल्या पोरांच्या गाड्या तिथे उभ्या असतात. पोरगी हुशार, पण जिभेला हाड नाही. एकदा बोर्ड चालू होईना म्हणून मी घामाघूम झाले होते, तर भर वर्गात विचारते, "बाई, बटण तरी चालू केलंय का?" केलं नव्हतं. म्हणून असं विचारायचं?

तरी मी ते सगळं सहन केलं, कारण माझं खरं साधन माझा गळा होता. शाळेपुढून कंटेनर जातात, मागे पत्रे ठोकणाऱ्या कारखान्याच्या प्रेस शॉपची धाडधाड चालते, आणि त्या दोन्हींच्या वर माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा. आमचे हे म्हणायचे, "तू दिघीहून फोन लावतेस तेव्हा भोसरीला फोनशिवाय ऐकू येतं."

संक्रांतीनंतर तो आवाज बसला. आधी घोगरा झाला, मग मधेच तुटायला लागला. घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पडद्यावर दाखवलं. स्वरयंत्रावर गाठी आल्या होत्या. "बोलणं बंद. कुजबुजायचंसुद्धा नाही," ते म्हणाले. मी विचारलं, "किती दिवस?" तर म्हणाले, "हेही विचारायचं नाही." विश्रांतीने गाठी गेल्या नाहीत तर ऑपरेशन, आणि त्यानंतरही पूर्वीचा आवाज येईलच असं सांगता येत नाही.

यांनी रजा घे म्हणून सांगितलं. मुख्याध्यापकांनी त्याहून सोपा उपाय काढला. "मॅडम, तुम्ही ऑफिसात बसा. ऑनलाइन माहितीचा ढीग पडलाय. तुमचा वर्ग शेजारच्या तुकडीला जोडून देतो." आमच्याकडे ऑफिसात गेलेली बाई परत वर्गात येत नाही. माझ्या आधी दोघी अशाच थोड्या दिवसांसाठी गेल्या होत्या. त्या अजून माहितीच भरताहेत. खिचडीचा फोटो, हात धुतल्याचा फोटो, झाड लावल्याचा फोटो, झाड जगल्याचा फोटो. माझा वर्ग गेला तर तो कायमचा गेला, हे मला स्पष्ट दिसत होतं. मी कागदावर लिहून दिलं, "मला वर्गातच राहू द्या." त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "सोमवारपर्यंत बघू. पोरांचं नुकसान झालेलं मला चालणार नाही."

पोरांना मुकी बाई मिळाल्यावर काय झालं ते सांगायला नको. मी फळ्याकडे वळून लिहायला लागले की पाठीमागे बाजार भरायचा. टेबलावर डस्टर आपटून हात दुखला. तेव्हा ती गॅरेजवाल्याची पोरगी आली. "बाई, थांबा, मी करते." तिने माझ्या फोनमध्ये काहीतरी घातलं आणि सांगितलं, तुम्ही लिहा, बोर्ड बोलेल.

मी लिहिलं, "गप्प बसा, नाहीतर एकेकाला बाहेर काढीन." बँकेला फोन केल्यावर जी बाई बोलते, तिच्या गोड गोड आवाजात बोर्डाने ते वाचून दाखवलं. वर्ग हसून लोळला. त्या बयेला "ळ" सुद्धा नीट म्हणता येत नव्हता. शिवाय मी एक धमकी टाइप करेपर्यंत गुन्हेगार गुन्हा उरकून, जागेवर बसून, वहीत डोकं घालून मोकळा व्हायचा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. गुरुवारी तर दिवसभर वीजच नव्हती. मुख्याध्यापक व्हरांड्यातून दोनदा गेले आणि दोन्ही वेळा माझ्या दाराशी रेंगाळले.

मी हात टेकले. सुट्टीत त्या पोरीला बोलावून पाटीवर लिहून दाखवलं, "राहू दे आता."

"राहू दे काय बाई?" ती माझ्यावरच उखडली. "तुम्ही ऑफिसात गेला तर आम्हाला त्या वर्गात खाली फरशीवर बसवतील. तिथे आधीच बाक पुरत नाहीत."

माझ्यावरच्या प्रेमापोटी नव्हे, बाकापायी चाललं होतं हे सगळं. मला रागही आला आणि हसूही आलं, पण हसायचीही मनाईच होती.

शुक्रवारी ती अब्बांचा जुना फोन घेऊन आली. स्क्रीनला तडे, पाठीवर ग्रीसचे डाग. कुणाला न विचारता तिने तो बोर्डाला जोडला आणि बोट लावलं. वर्गात माझा आवाज घुमला.

"मुलांनो, आवाज येतोय का?"

मग काही क्षण शांतता. मग पुन्हा मीच, "बरं. वही काढा."

मी खुर्चीवर बसले. लॉकडाऊनमधला माझाच आवाज होता तो. तेव्हा तिचा मोठा भाऊ माझ्या वर्गात होता आणि त्यांच्या घरात हा एकच फोन. मी व्हॉइस नोट पाठवून अपूर्णांक शिकवायचे. प्रत्येक नोटच्या सुरुवातीला "आवाज येतोय का?" विचारायचे आणि उत्तरासाठी थांबायचेसुद्धा. व्हॉइस नोटमध्ये कोण उत्तर देणार? पण सवय. भाऊ गॅरेजमध्ये बसून ऐकायचा आणि ही, तेव्हा एवढीशी, शेजारी टायरवर बसून ऐकायची. शाळेत नाव घालायच्या आधीपासून तिला माझं बोलणं पाठ होतं.

"अब्बा काहीच डिलीट करत नाहीत," ती म्हणाली. "मी आणि भाईने काल बसून तुकडे केले."

बोर्डावर तिने रंगीत चौकोन मांडले होते. एकेक दाबायचा, की मी बोलणार. "वही काढा." "तोंड बंद, कान उघडे." "अपूर्णांकाला घाबरायचं नाही, भाकरीचे तुकडे आहेत ते." एका चौकोनात कुकरची शिट्टी आणि त्यावर माझी किंकाळी, "अहो, गॅस बंद करा!" तो मुलांनी पुन्हा पुन्हा लावायला सांगितला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझं घरातलं बोलणं असं चव्हाट्यावर? मी उठून तिच्यासमोर उभी राहिले, डोळे वटारले, आणि पुढे काही करता येईना.

"रागवायचंय ना?" ती म्हणाली. "मग तो लाल दाबा."

मी दाबला. "अक्कल कुठे गहाण ठेवलीस?" माझा आवाज भिंतींना थडकला. काय खणखणीत आवाज होता माझा! मला माहीतच नव्हतं. रोज वापरतो ती वस्तू आपण कधी नीट बघत नाही. मला तिथेच रडू आलं, आणि वर्ग पहिल्यांदा आपण होऊन गप्प झाला.

सोमवारी मी त्या चौकोनांवरच तास घेतला. बोर्डावर मी समजावून सांगत होते आणि फळ्यावर मीच लिहीत होते. मागच्या बाकांवर गडबड वाढली तशी पोरीने बोट लावलं, "अहो, गॅस बंद करा!" आणि दार धाडकन उघडलं.

"मॅडम! डॉक्टरांनी काय सांगितलंय तुम्हाला?" मुख्याध्यापक दारात उभे होते. माझं तोंड घट्ट मिटलेलं आणि हातात खडू. बोर्ड शांतपणे म्हणाला, "बरं. वही काढा." मुलांनी वह्या काढलेल्याच होत्या.

"हे कोण बोलतंय?"

"बाईच बोलताहेत सर," पोरगी म्हणाली. "पण बाई बोलत नाहीयेत."

त्यांनी एकदा माझ्याकडे आणि एकदा बोर्डाकडे बघितलं. मग एका मुलाची वही उचलली, गणित तपासलं, परत ठेवली. "चालू द्या," म्हणाले. जाता जाता मागे वळलेच, "पण उपक्रम म्हणून याचा व्हिडिओ काढून अपलोड करा. मला ते जमत नाही, कुणीतरी..."

"सर, थांबा, मी करते."

तेवढ्यापुरता मला त्या वाक्याचा राग आला नाही.

परीक्षेआधी डॉक्टरांनी पुन्हा नळी घातली. गाठी बऱ्याच विरल्या होत्या, ऑपरेशन टळलं. पण म्हणाले, हळू बोला, आणि आयुष्यात पुन्हा ओरडायचं नाही. पूर्वीचा आवाज विसरा. उरला तो आवाज पातळ आणि जुनेरासारखा विरलेला. आरशासमोर ऐकला तेव्हा मला तो अजिबात आवडला नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात गेले. बोर्ड बंदच ठेवला. मागे प्रेस शॉप नेहमीसारखं चालू होतं. मी उभी राहिले आणि जमेल तसं विचारलं, "मुलांनो, आवाज येतोय का?"

आणि थांबले. यावेळी उत्तर द्यायला समोर माणसं होती.

"न्हाई, बाई," शेवटच्या बाकावरून गावातला एक पोरगा खरं ते बोलला. "कायबी येत न्हाई."

 संपलं, असंच वाटलं. ऑफिसातली ती खुर्ची डोळ्यांसमोर आली. गॅरेजवाल्याची पोरगी उठली. आता ही बोर्डाकडे जाणार आणि माझा जुना आवाज लावणार, हे मला ठाऊक होतं, आणि ते मला त्या क्षणी अजिबात सहन झालं नसतं.

"बाई, थांबा," ती म्हणाली. बोर्डाकडे तिने बघितलंही नाही. मागे गेली, त्या पोराच्या बाकाचं एक टोक धरलं आणि म्हणाली, "उचल ना." दोघांनी बाक पुढे आणला. मग दुसरा सरकला, मग तिसरा. फरशीवर असा काही खरखराट झाला की एरवी मी पट्टी घेऊन धावले असते. सगळा वर्ग माझ्या टेबलाला येऊन भिडला. पहिल्या बाकाचे गुडघे माझ्या साडीला लागत होते.

"आता बोला, बाई."

मी म्हटलं, "वही काढा."