चुलीपाशी बसायची नोकरी

आपल्या प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात एक पिशव्यांची पिशवी असते. मुद्दाम कोणी जमवत नाही, पण फेकवतही नाही, आणि एक दिवस दार उघडलं की सगळ्या अंगावर येतात. माझ्याकडे किस्से तसे साठले आहेत. टोकियोहून परत येऊन इतकी वर्षं झाली, तरी कोणी नुसतं "तिकडे तू काय करायचीस गं?" असं विचारलं की दार उघडतं.

तर मी तिकडे इंटरप्रिटर होते. लोकांना वाटतं, ऑफिसात बसून जपानीचं मराठी करत असेन. तसलं काही नाही. जुनी, गवताने शाकारलेली शेतकऱ्यांची घरं गावागावांतून उचलून आणून पुन्हा उभी केलेलं एक सरकारी ऐतिहासिक उद्यान होतं. तिथे आम्ही जुन्या काळचे कपडे घालून वावरायचो आणि आलेल्या लोकांना 'इथे माणसं कशी राहायची' ते सांगायचो. घराचा दुभाष्या म्हणा ना! नितीन, म्हणजे माझा नवरा, तोयोसुला सॉफ्टवेअरच्या प्रोजेक्टवर. आम्ही राहायला फुनाबोरीत. तो सकाळी सातला जायचा, रात्री दहाला यायचा. मधल्या वेळात मी पुण्यात शिकलेलं जपानी भिंतींना ऐकवायचे. म्हणून हे पार्टटाइम काम मिळालं तेव्हा मी इतकी खूश झाले, की मुलाखतीत पगार विचारायचाच विसरले.

पण अट होती. आमचे साहेब कुरोदा-सान म्हणाले, "आपटे-सान, सध्या तुम्ही फाटकापाशी उभं राहून परदेशी पाहुण्यांना इंग्रजीत माहिती द्या. अधूनमधून घरात मदतीला जा. पण घरात चुलीपाशी बसायचं काम परदेशी बाईला देता येईल का, हे मार्चमध्ये, आर्थिक वर्षअखेरीला समिती ठरवेल. नाही म्हणाले तर काम तिथेच संपेल." आणि मला तर चुलीपाशीच बसायचं होतं. जमिनीत चौकोनी खड्डा, त्यात विस्तव, वर टांगलेलं लोखंडी पातेलं. त्याला 'इरोरी' म्हणतात. त्या घरात मोठ्या इरोरीपाशी मात्सुमोतो-सान नावाच्या सत्तरीच्या बाई बसायच्या. "आज उशीर केलास," असं मला त्या देशात म्हणणारं पहिलं माणूस म्हणजे त्या. मला तिथेच राहायचं होतं, एवढं साधं होतं ते.

---

पहिल्याच दिवशी मला किमोनो दिला. निळा, सुती, कामकरी बायकांचा. नेसवायला कोणी नव्हतं. म्हटलं, नऊवारी नेसलेली बाई मी, ह्यात काय आहे? बायकांच्या शर्टाची असते तशी उजवी बाजू वर घेतली, पट्टा आवळला आणि फाटकापाशी उभी राहिले.

लोक काय प्रेमळ! प्रत्येक जण माझ्याकडे बघून जरा थांबायचा आणि नेहमीपेक्षा खोल वाकायचा. एका आजोबांनी तर हात जोडून डोळे मिटले. नितीनला फोन करून सांगितलं, इथले लोक परदेशी माणसाचा किती मान ठेवतात बघ.

जेवणाच्या सुट्टीत मात्सुमोतो-सान मला हळूच बाजूला घेऊन म्हणाल्या, "आपटे-सान, तुमच्या देशातली पद्धत असेल म्हणून मी सकाळी बोलले नाही. आमच्याकडे उजवी बाजू वर फक्त मयताला नेसवतात."

म्हणजे सकाळी नऊपासून मी मेलेली होते, आणि तशीच लोकांना तिकिटघराचा रस्ता दाखवत होते.

कुरोदा-सानांना कळलं. ते "हं" म्हणाले. मग म्हणाले, "समितीला सांगावं लागेल."

---

इरोरी रोज पेटवावीच लागते. त्या धुराने छपराच्या गवतातले किडे मरतात. घरात कोणी राहत नाही, कोणी जेवत नाही, पण सकाळ झाली की विस्तव पेटतो आणि पातेल्यात नुसतं पाणी उकळतं. चहासुद्धा टाकायचा नाही. जाळ पेटलाय आणि वर चहा नाही हे बघताना माझा जीव कासावीस व्हायचा, पण ते असो.

नियम असा, की घरात बसलेल्या माणसाने त्या काळातलंच बोलायचं. एक जोडपं आलं. त्यांनी विचारलं, "काय शिजतंय?" मात्सुमोतो-सान नियमाप्रमाणे म्हणाल्या, "शिजेल हो, बसा." ते बसले. अकराला बसले ते चारला उद्यान बंद व्हायची घंटा वाजेपर्यंत बसले! जाताना आभार मानून गेले. उपाशी.

कुरोदा-सानांनी मीटिंग घेतली. ठरलं, पाटी लावायची, 'इथे जेवण मिळत नाही.' पण साध्या छापील पाटीने त्या काळाचा भंग होतो. म्हणून एका वयस्कर सुलेखनकाराकडून ब्रशने, जुन्या वळणात लिहून घेतली. फार सुंदर झाली. आजकालच्या जपानी माणसाला त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही.

लोक तिच्याखाली बसून फोटो काढायचे आणि मग जेवणाची वाट बघायचे.

---

एका रविवारी नितीनच्या ऑफिसातला सगळा ग्रुप आला. पुण्या-मुंबईची पोरं, ताजी ताजी तोयोसुत उतरलेली. मी त्यांना घर दाखवत होते. सगळं घर एका खिळ्याशिवाय उभं आहे, सगळे सांधे लाकडातच बसवलेत, वगैरे. आमचे कुरोदा-सान मागे हात बांधून उभे. मी भारतीय पाहुण्यांपुढे कशी बोलते, हे त्यांना बघायचं होतं.

डोंबिवलीच्या एका मुलाने घरभर मान फिरवली आणि विचारलं, "वहिनी, ह्याचा कार्पेट एरिया किती?"

मी विषय बदलायला बघत होते, पण कुरोदा-सान म्हणाले, "पाहुणे काय विचारतायत?" सांगितलं. घराच्या आतली वापरायची जागा, भिंती सोडून. त्यांचा चेहरा पडला. इतक्या वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता आणि उत्तर त्यांना माहीत नव्हतं. ते मुलापुढे कमरेत वाकले आणि म्हणाले, "क्षमस्व. मी शोधून कळवेन."

सोमवारी उद्यानाला सुट्टी. त्या दिवशी कुरोदा-सान आणि मात्सुमोतो-सान यांनी टेप धरून सगळं घर मोजलं. गोठा धरून एक आकडा, सोडून एक. पुढच्या रविवारी मुलाला मुद्दाम बोलावून घेतलं आणि कुरोदा-सानांनी दोन्ही हातांनी त्याला तो कागद दिला. मुलाने वाचला. खूश झाला.

मग म्हणाला, "आणि बिल्ट-अप?"

कुरोदा-सानांनी टेप आणायला माणूस पाठवला.

---

आता त्या काळातलंच बोलायचं म्हटलं तर माझं काय करायचं, हा मोठाच प्रश्न होता. त्या शतकात जपानच्या खेड्यात आपटे कुठून येणार? शाळेच्या सहली यायच्या आणि मुलं विचारायची, "तुम्ही कुठल्या?" यावर दोन मीटिंगा झाल्या. जहाज फुटून किनाऱ्याला लागलेली बाई, असं एकाने सुचवलं. पण समुद्र लांब होता. शेवटी ठरलं, मी म्हणायचं, "मी शेजारच्या गावची."

जपानी मुलं गुणी. ऐकून घ्यायची, माना डोलवायची. एवढंच काय, एका मुलाने "तिकडे भात चांगला येतो का?" असंही विचारलं.

मग एकदा फुनाबोरीच्या शाळेची सहल आली. त्यात आमच्या बिल्डिंगमधली सई होती. वय वर्षं सात, जन्म तिथलाच, आईशी भांडायचीसुद्धा जपानीत. मी सगळ्यांपुढे म्हणाले, "मी शेजारच्या गावची."

सई उठून उभी राहिली आणि खणखणीत जपानीत म्हणाली, "खोटं. ह्या आमच्या बिल्डिंगच्या चौथ्या मजल्यावर राहतात."

तीस मुलं माझ्याकडे बघतायत. तेवढ्यात मागून कुरोदा-सान पुढे आले, सईपुढे गुडघ्यावर बसले आणि अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "बाळ, चौथा मजला अजून बांधला गेलेला नाही."

सई रडायला लागली. तिचं म्हणणं, मग मी तिसऱ्यावर राहते, माझं घर तरी आहे ना?

---

इरोरीची राख साठली. कचरा वेगळा करण्यात जपानी माणूस देवाचीही गय करणार नाही. राख 'जळणाऱ्या'त टाकायची की 'न जळणाऱ्या'त? मात्सुमोतो-सान म्हणाल्या, न जळणाऱ्यात, कारण ती आता जळत नाही. कुरोदा-सान म्हणाले, जळणाऱ्यात, कारण तिचं घराणं लाकडाचं. मला वॉर्ड ऑफिसात फोन करायला सांगितलं. पलीकडच्या माणसाने मला सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाला, "मॅडम, तुम्ही थोडं आधी फोन करायला हवा होता."

---

मार्च आला. समिती येणार ती दुपार ठरली. मी इरोरीपाशी घरधनिणीच्या जागी बसून पाहुण्यांचं स्वागत करायचं आणि समितीने बघायचं, एवढीच परीक्षा. पळी कशी धरायची इथपासून मी महिनाभर घोकलं होतं. रात्री झोपेत "या, बसा, थंडी फार आहे" असं जुन्या जपानीत बोलते, अशी नितीनची तक्रार होती.

त्याच सुमारास सासूबाई पुण्याहून तीन महिन्यांसाठी आलेल्या. त्यांना घरी एकटं कसं ठेवायचं? बरोबर घेऊन गेले. साडी, वर नितीनचा स्वेटर, डोक्याला मफलर, पायात मोजे. बाहेरच्या बाकावर बसवलं आणि म्हटलं, "आई, अर्धा तास इथेच बसा हं. आज माझं महत्त्वाचं आहे."

मात्सुमोतो-सान समितीला आणायला फाटकाकडे गेल्या. मी लाकडं आणायला मागच्या दाराने गेले, आणि परत येऊन बघते तर आई आत! विस्तव दिसला, गुडघे गारठलेले, बसल्या.

त्या इरोरीच्या चार बाजूंना चार ठरलेल्या जागा असतात. आतल्या बाजूला घरधनी, एकीकडे पाहुणे, त्यांच्यासमोर पळी ठेवलेली असते तिथे घरधनीण. आणि चौथी बाजू लाकडांची. सगळा धूर तिकडे. ती सुनेची. हे आईंना कोणी सांगितलेलं नव्हतं. त्या पळीपाशी बसल्या होत्या.

"आई, उठा ना. ती माझी जागा आहे."

"तुझी कशी? पळी इथे आहे." त्यांनी पातेल्यात डोकावून पाहिलं. "मंजू, दुपारचे दोन वाजले आणि घरात नुसतं पाणी?"

"आई, ते असंच असतं. उठा, लोक येतायत."

"मग तिकडे बस आणि जाळ नीट कर आधी. लाकूड ओलं आणलंस. फुंकणी घे."

तेवढ्यात दारात काळ्या सुटातले चार गृहस्थ उभे. मागे कुरोदा-सान, चेहरा पांढराफटक. मी जिथे होते तिथेच लाकडांपाशी बसले आणि फुंकणी तोंडाला लावली. दुसरं काय करणार? संपलं सगळं, असं वाटलं. रडूच आलं मला, ते धुरात खपून गेलं.

"पाहुणे आले वाटतं," आई म्हणाल्या. "ऊठ, पाणी दे. आणि पदर... आज पदर नाहीये तुला. असू दे." मी उठले, पाणी दिलं. परत बसले. "सरक, त्यांच्या तोंडावर धूर जातोय." सरकले. "आता फुंक." फुंकलं.

समितीतले सगळ्यात वयस्कर प्रोफेसर पाहुण्यांच्या जागी मांडी घालून बसले होते. कुरोदा-सान हळूच म्हणाले, "आजी काय म्हणतायत, ते भाषांतर करून..." प्रोफेसरांनी हात वर केला. "नको. माझी आजी माझ्या आईला हेच सांगायची."

ते बाहेर गेले. झाडाखाली उभं राहून बराच वेळ बोलले. मग कुरोदा-सान एकटे आत आले, माझ्यापुढे गुडघे टेकून बसले आणि वाकून म्हणाले, "समितीचा एकमताने निर्णय झाला आहे. परदेशी बाईला घरात बसायला हरकत नाही. मात्र पळीपाशी नाही. तुम्ही आत्ता आहात तिथेच. ही जागा कशी भरायची ते आमच्यात आता कोणालाच येत नाही."

आईंनी माझ्या मांडीला कोपर टोचलं. "काय म्हणतायत गं ते?"

"आई, मला नोकरीत कायम केलं."

"कसली नोकरी?"

"सुनेची."

आईंनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा वाकलेल्या कुरोदा-सानांकडे बघितलं आणि पळी खाली ठेवली.

"पगारी?"