खळ, लिंबू आणि नारिंगी उजेड

भर दुपारी आमच्या पोलादपूरच्या घरात मी, बायको आणि मुलगी अशी तीन मोठी माणसं एका गोधडीखाली शिरली होती, याला कारण मुलीचं एम.एस्सी. दुसऱ्या दिवशी महाडच्या कॉलेजात तिला सरांना पटवायचं होतं, की जस्त-गंधकाच्या बारीक भुकटीत चिमूटभर मँगनीज असलं तर ती जांभळ्या दिव्याखाली नारिंगी चमकते, आणि स्टार्चची खळ घातली की आणखी चमकते. पटलं तर प्रोजेक्ट पास, नाहीतर सगळं पहिल्यापासून. दिवा मेव्हण्याच्या दुकानातला, नोटा तपासायचा. काळोख गोधडीचा.

"बाबा, कोपर घ्या आत, उजेड येतोय!"

नुसत्या भुकटीच्या पाण्याची बाटली मंद चमकली. खळीची मात्र झकास.

"असं का गो?" मी विचारलं.

"कण एकमेकांना चिकटले की बिघडतं. खळ प्रत्येकाभोवती बसते, त्यांना सुटं ठेवते."

झालं! माझ्यातला आचारी जागा झाला. घरात भात मीच लावतो, आणि शीत न् शीत सुटं व्हावं म्हणून लिंबू पिळतो. मुलगी चहा ठेवायला उठली, तेवढ्यात मी खळीच्या बाटलीत अर्धं लिंबू पिळलं.

घरभर कुजक्या अंड्यांचा वास! शेजारच्या काकी दारात.

"काय गो, सवच्या गंधकाच्या गरम कुंडावर जाऊन आलात काय? आन् दिवसाची गोधडी कशाला?"

"काय नाय काकी, पोरीचा अभ्यास हाय," बायको नाकाला पदर लावून म्हणाली आणि खिडक्या उघडायला धावली.

"अभ्यासाला असा वास येतो?"

मुलीने बाटली गोधडीत नेऊन पाहिली. नारिंगी गेलेलं.

"काय घातलंत?"

"लिंबू. भात मोकळा..."

"हा भात नाही, बाबा! आंबटाने भुकटी विरघळते!"

"नशीब, फोडणी नाही घातली," बायको खिडकीतून.

मुलीने ती बाटली बूच लावून बाजूला ठेवली. मग उरलेल्या भुकटीत तिने पुन्हा खळ घातली. तेव्हा मला ओटीवर बसवलं होतं, दाराला आतून कडी. सकाळी पिशवीत तीन बाटल्या दिसल्या.

"ती बिघडलेली कशाला?"

"खळीने उजेड वाढतो, लिंबाने विझतो. दोन्ही दाखवते."

सर म्हणे तिसऱ्या बाटलीपाशीच थांबले. ही कल्पना कोणाची, म्हणाले. "घरच्यांची," ती म्हणाली. प्रोजेक्ट पास झाला. फक्त लिंबाचा प्रयोग नीट मोजून पुन्हा करायला सांगितलाय.

त्यामुळे परसातली लिंबं सगळी महाडला जातात. आमच्या भाताचा हल्ली गोळा होतो.