एका रविवारात तीनशे कोंब

कल्पना करा, जून संपत आलाय आणि तुम्ही गुडघाभर उंचीच्या, पण तुमच्या आजोबांहून वयाने मोठ्या काळ्या पाइनच्या बोन्सायसमोर उकिडवे बसला आहात. कुंडीतल्या या झाडाला यंदा तीनशे नवे कोंब फुटलेत आणि ते सगळे बुडातून छाटायचे आहेत. आधी अशक्त कोंब. दांडगे दहा दिवसांनी, म्हणजे दुसरी फूट सगळीकडे सारखी आणि आखूड पानांची येते. प्रत्येक कापावर चिकाचा थेंब दिसायला हवा. नाही दिसला, तर मुळं आजारी समजून कात्री खाली ठेवायची.

एवढं कळलं असेल, तर तुम्ही दंतवैद्य इहारांपेक्षा हुशार आहात. हे फुसाए आजींचं मत. आमच्या किनाशी गावात दुसरं मत कोणाचं नाही.

आजी पंचावन्न वर्षं लोकांचे पाइन सांभाळतात. मार्चमध्ये मुळं, जूनमध्ये कोंब, नोव्हेंबरात जुन्या सुया, म्हणजे पाइनची पानं, उपटणं. इहारांचं झाड त्यांनी इहारांच्या वडिलांच्या वेळेपासून हाताळलंय. झाडांचा त्यांना आदर आहे. मालकांचा अजिबात नाही. "झाडाला मालक म्हणजे कुत्र्याला गोचीड," असं त्या मालकांच्या तोंडावर म्हणतात. मालक हसतात, आणि आजींना त्यांची आणखीच किळस येते.

नववर्षाला पाइन घरात मांडतात सगळेच, तीन-चार दिवस. इहारांनी हीटर लावून तीन आठवडे मांडला. मार्चमध्ये आजींनी मुळं छाटून माती बदलली. जूनमध्ये कोंब आले ते जेमतेम बोटाच्या पेराएवढे.

"यंदा कात्री लावायची नाही," आजी म्हणाल्या.

"पण आजी, नोव्हेंबरात प्रदर्शन आहे. सुया लांबलचक दिसतील."

"दिसू देत. पेशंट तापाने फणफणलेला असताना दाढ उपटता का हो तुम्ही?"

"कधीकधी उपटावी लागते."

"मग त्याचं नशीब."

इहारांनी मासिकात वाचून एका रविवारी, जेवणाआधी, सगळे कोंब स्वतःच उडवले. अशक्त, दांडगे, सरसकट. सप्टेंबरात झाड गाडीत घालून आणलं. अर्ध्या सुया तपकिरी पडल्या होत्या.

"बघा ना आजी, काय झालंय याला?"

"न्हावी भेटला त्याला. आणखी काय व्हायचंय?"

मग आजी मातीत बोट खुपसून बसल्या. मुळं आधीच कुजली असतील, तर झाड आजच कुंडीतून काढून साफ करायला हवं. मुळं धड असतील आणि धक्का नुसता छाटणीचा असेल, तर आत्ता उपसलं की झाड संपलंच. शिवाय मुळं कुजली असतील, तर मार्चमधले हात आजींचे होते. हे त्या बोलल्या नाहीत. बोटाची माती मात्र पुसत राहिल्या.

"डॉक्टर, कापलंत तेव्हा चीक आला होता?"

"चीक?"

"चीक! बोटाला चिकटतो तो."

"मी हातमोजे घातले होते."

"हातमोजे घालून लोकांच्या तोंडात जाता, तेव्हा रक्त दिसतं ना? मोजे कुठेत?"

"टाकले."

"कात्री?"

"उकळून, स्पिरिटने पुसून ठेवली. सवय आहे."

"तीनशे वेळा कापलंत," आजी म्हणाल्या, "आणि एकदाही बघितलं नाहीत."

झाड आता आजींच्या शेडमध्ये सावलीला आहे, अजून कुंडीतच. आजी रोज सकाळी दवाखान्यात फोन करतात. डॉक्टर कामात आहेत, निरोप सांगा, असं तिथली मुलगी म्हणते. निरोप रोज तोच असतो: नीट आठवून सांगा, चीक आला होता का?