चित्र व्हायच्या आधीचा दादा

"दादा, चित्र व्हायच्या आधी ते चित्र कुठं राह्यते?" असं मी प्रशांतदादाला एकदा विचारलं होतं. तो हसला आणि काम करत राहिला. नंतर त्याच्या दोस्ताला, नीलेशला विचारलं. गणिताच्या भोयर सरांनाही विचारलं. कोणीच सांगितलं नाही. आता दादाच नाही, तर विचारणार कोणाला?

दुकानातला एक माणूस कमी झाला की गोष्टी वाढतात. चहा पिताना एक निघते, लाइट गेली की दुसरी. आमच्या पिपरी मेघे गावातल्या टायपिंग सेंटरमध्ये इतक्या जमल्या आहेत, की मला, नीलेशला, भोयर सरांना, तिघांनाही पाठ झाल्या. तरी आम्ही त्या एकमेकांना सांगतो.

* * *

आधी कामाचं सांगतो. दादा ट्यूशन क्लासवाल्यांचे पेपर टाइप करायचा. मी आठवीत शाळा सोडली, त्यामुळे झेरॉक्स आणि लॅमिनेशन माझ्याकडे. गणिताच्या पेपरची मोठी कटकट असायची. आमच्या स्क्रीनवर वर्गमूळ बरोबर दिसायचं, पण सरांच्या कॉम्प्युटरवर उघडलं की त्याचं छप्पर एकीकडे आणि आकडा दुसरीकडे. म्हणून दादाने स्वतः कोड लिहिला. स्क्रीनवर जे सूत्र, जी आकृती दिसेल, तिचं एका बटणात ठिपक्याठिपक्यांचं चित्र व्हायचं.

"चित्र होईपर्यंत ते जित्तं राह्यते," दादा सांगायचा. "दर वेळी उघडलं की नव्यानं बनते. एकदा चित्र झालं की मेलं. मंग कुठंबी ने, हलत नाई."

तेव्हा आम्ही हसलो होतो.

* * *

त्या कोडमध्ये एक खोट होती. बटण दाबलं की समोर दिसेल ते सगळं तो चित्रात घ्यायचा. एकदा नववीच्या पेपरासाठी वर्तुळ काढून दादाने बटण दाबलं आणि नेमका त्याच वेळी आईचा मेसेज स्क्रीनवर आला. पेपर छापला, वाटला, पोरांनी सोडवलाही. वर्तुळाच्या पोटात लिहिलेलं होतं, "जेवायले ये."

भोयर सर गठ्ठा घेऊन दुकानात आले. दादाने भीतभीत विचारलं, "सर, पोरं काई बोलले काय?"

"बोललं कोनीच नाई," सर म्हणाले. "एकानं पक्षामध्ये लिहिलं, 'जेवायले ये.' साध्यामध्ये काईच नाई लिहिलं. मी अर्धा मार्क देल्ला."

* * *

आषाढात दादा मोटरसायकलने अल्लीपूरला पेपर द्यायला निघाला. "तासाभरात येतो, कॉम्प्युटर बंद नको करजो," म्हणाला. वाटेत ट्रकने उडवलं. तिथंच संपला. फोनचाही चुरा झाला.

तेरवीच्या दिवशी कळलं की त्याचा धड फोटोच नाही. सगळ्यांचे फोटो तोच काढायचा. माझ्या फोनमध्ये तो जिथे जिथे आहे, तिथे त्याचा हात तोंडासमोर. ओळखपत्रावरचा फोटो आईला दाखवला, तर म्हणाली, "हा कोन?"

फ्रेम मात्र मामांनी आधीच आणून ठेवली होती. तीच रिकामी पाटावर ठेवली आणि हार घातला. पाहुणे एकेक करून वाकत होते. वाकणाऱ्याला काचेत स्वतःचंच तोंड दिसत होतं, हारासकट. मामा वाकले आणि झटकन मागे सरले.

"झाका रे ते कपड्यानं," एवढंच बोलले.

सगळे गेल्यावर आईने मला जवळ बोलावलं. "बंटी, मले त्याचं तोंड पाह्यजे. एक. भितीवर लावाले."

त्या दिवसापासून मी तेच शोधत होतो.

* * *

तेरा दिवस दुकान बंद होतं. किल्ली माझ्या खिशात. चौदाव्या दिवशी मी आणि नीलेशने शटर उघडलं, तर कॉम्प्युटर चालूच. दादाच्या सांगण्यावरून तो कोणीच बंद केला नव्हता.

दादाने कोडला कधीतरी सांगून ठेवलं असावं, की रोज दुपारी बारा वाजता आपल्या आपण एक चित्र घे. फोल्डरमध्ये रोजचं एक, अशी चित्रं होती. सगळ्यांत तोच अर्धवट पेपर, तोच दोनच बाजू काढलेला त्रिकोण. फक्त माऊसचा बाण जागा बदलत होता. पहिल्या दिवशी त्रिकोणाच्या टोकावर. दुसऱ्या दिवशी थोडा खाली. तिसऱ्या दिवशी आणखी खाली.

"भाहेरून ट्रक जातेत," नीलेश म्हणाला. "टेबल हलते, माऊस सरकते. त्यात काय हाय?"

"मंग सहाव्या दिवशी तो वर काऊन चढला?"

नीलेशने सहावं चित्र परत पाहिलं. बाण त्रिकोणाच्या तिसऱ्या बाजूच्या जागी होता, जी दादाने अजून काढली नव्हती. त्याने फोल्डर बंद केलं आणि पाणी प्यायला गेला. तहान लागल्यासारखं त्याचं तोंड दिसत नव्हतं.

* * *

एका लग्नाच्या फोटोत दादा सापडला. दूर, पाण्याच्या टाकीजवळ, आणि हात खाली. मी धावतच घरी जाऊन आईला घेऊन आलो. नीलेश मोठं करत गेला. दादा आधी स्पष्ट झाला, मग त्याचं नाक गेलं, मग डोळे. शेवटी स्क्रीनभर चौकोन उरले. सहा तपकिरी, दोन काळे.

आईने एका काळ्या चौकोनावर बोट ठेवलं. "हा डोया?"

नीलेशने बराच वेळ पाहिलं. "काकू, ते मागच्या भितीचं हाय वाटते."

"अजून मोठं कर नं."

"मोठं केलं तरी आतून काई निघत नाई काकू. जितके ठिपके हायेत, तितकाच तो हाय."

आईने बोट काढलं नाही. मीच मग मॉनिटरची वायर ओढली. मला राहवलं नाही.

* * *

आता शेवटची. ही आम्ही एकमेकांनाही फार सांगत नाही.

भोयर सर दादाच्या जुन्या फाइली पाहत होते. एक उघडली आणि त्यांनी हाक मारली, "बंटी, इकडे ये." स्क्रीनवर दादा होता. फोटो नव्हे. रेघा आणि गोलांनी, सगळं कोडमध्ये लिहून काढलेलं तोंड. भुवईवरचा व्रणही होता. दादाने त्यात गंमत केली होती. फाइल उघडली की कोड आजची तारीख बघायचा, वय काढायचा आणि त्या वयाचं तोंड काढायचा.

आई रोज दुकानात यायला लागली. खुर्चीवर बसून त्याच्याकडे बघायची. एक दिवस लाइट गेली आणि आली, तर कॉम्प्युटरमधला सेल संपलेला, तारीख कितीतरी मागे गेलेली. फाइल उघडली तर दादा बारा वर्षांचा. मिशी नाही, गाल भरलेले. व्रणसुद्धा नाही, कारण तो व्रण दहावीत असताना झाला होता.

आई म्हणाली, "याले शाळेतून आल्या आल्या भूक लागे."

नीलेशने तारीख नीट केली. आईने त्याचा हात धरला. "बेटा, पुढं बी जाते काय तो?"

नीलेशने माझ्याकडे पाहिलं. मी मानेनेच हो म्हटलं. तो वर्षं वाढवत गेला. दादाचं कपाळ मोठं झालं, कानशिलं पिकली, गाल बसले. आई बासष्टची आहे. स्क्रीनवरचा दादा तिच्याहून म्हातारा झाला, तेव्हा तिने पदर सावरला, मोठ्या माणसापुढे सावरतात तसा.

"पुरे," ती म्हणाली. "लय जगला. आता आजचा कर अन् मले त्याचं चित्र काढून दे."

तारीख आजची केली. दादा एकोणतीस वर्षांचा, आमच्याकडे बघत. बटण मी दाबलं. चित्र झालं. चित्रात दादाचे डोळे मिटलेले होते.

स्क्रीनवर उघडे होते. मी परत दाबलं. मिटलेले. तिसऱ्यांदा नीलेशने दाबलं. मिटलेले.

भोयर सर खाली बसून कोडची ओळन् ओळ वाचत गेले. वाचून झाल्यावर चष्मा काढला. "यात पापनी कुठंच लिहिली नाई रे."

आई चित्राजवळ वाकली आणि कितीतरी वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हेच दे. असाच दिसे तो निजला की."

मी ते चकचकीत कागदावर काढलं, कडा सरळ कापल्या, आईच्या हातात दिलं. मग दादाची फाइल बंद करायला गेलो, तर कॉम्प्युटरने इंग्रजीत काहीतरी विचारलं. नीलेशने वाचून सांगितलं, "बदल ठेवायचे काय, म्हणते." फाइलमध्ये तर आम्ही कोणी एक अक्षरही बदललं नव्हतं.

दादाने लिहिलं होतं तसंच ते राहायला हवं होतं. मी 'नाही' दाबलं.